शिट्टी वाजली तर लाइन तोडू नका

मोडेमचा आवाज आवडतो असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. आधी एक बारीक शिट्टी, मग तिच्यावर चढलेली दुसरी, आणि शेवटी तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चर्र आवाज. लोक तोंड वाकडं करून रिसिव्हर हातभर लांब धरायचे. मला मात्र तो आवाज सनईइतका शुभ वाटतो, आणि कारण सांगायला कोणी विचारण्याची मी वाट पाहत नाही. ऐंशीच्या दशकात, नागपुरात बसून, मी संगणकाला फोनवर बोलायला शिकवलं होतं. प्रोग्राम माझा, त्यातल्या चुका माझ्या आणि कौतुकही माझंच. नम्रपणा मला एरवीही जमत नाही, आणि या बाबतीत तर मला तो जमवायचाही नाही.

मी तेव्हा धरमपेठेतल्या एका लहानशा संगणक संस्थेत कामाला होते. सकाळी पोरांना शिकवायचं आणि दुपारी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे, मालाचे प्रोग्राम लिहायचे. संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ जाऊ नये म्हणून, असं सांगितलं जाई. पण व्यापारी ज्या भावानं उंबऱ्याशी थबकून, हात पुसून आत येत, त्यावरून आत एखादा जागृत देव बसवला आहे असंच वाटे. खोलीला एसी होता. मे महिन्यात सगळं शहर उकडून निघत असताना मी शाल गुंडाळून काम करायची, आणि आमच्या प्रताप नगरातल्या शेजारणींना हे सांगितलं की त्या माझ्याकडे मी थापा मारते आहे अशा नजरेनं बघायच्या.

आता दादाबद्दल सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठी होतं. दादा माझा मोठा भाऊ. शाळेत असताना त्याला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पोरगा वाचला, पण कान गेले. त्याआधी तो गल्लीतला सगळ्यात बडबड्या मुलगा होता म्हणे. दुखण्यानंतरही त्याला बोलता येत होतंच. फक्त स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्यामुळे आवाजाचा अंदाज राहिला नाही. कधी तो ओरडल्यासारखा बोले, तर कधी ओठातल्या ओठात. वर्गात पोरं हसली. पोरं हसतातच, पण ही काही दिवस हसत राहिली. मग एका दिवसापासून दादा घराबाहेर बोलेनासा झाला. घरात तो आईशी आणि माझ्याशी आमचे ओठ वाचून भरपूर बोलायचा, भांडायचा, भाजीत मीठ कमी आहे म्हणून तक्रारी करायचा. दाराबाहेर पाय टाकला की तोंडाला कुलूप. बाहेरचा सगळा व्यवहार पिशवीतल्या छोट्या पाटीवर खडूनं चाले. मोहल्ल्यातले लोक त्याला मुका समजत, आणि त्यांचा गैरसमज दूर करायचा आम्हीही कधीच सोडून दिला होता.

इतवारीतल्या एका मोठ्या दुकानात तो कामाला होता. खाणींना आणि वीज केंद्रांना लागणारे बेअरिंग, पट्टे, व्हॉल्व्ह असले सुटे भाग पुरवायचं दुकान. गोदाम दादाच्या हातात. त्याच्या मांडणीत डोळे मिटूनही वस्तू सापडावी अशी शिस्त होती, आणि मालकांनाही ते माहीत होतं. मग मालकांनी खापरखेड्याला, वीज केंद्राच्या जवळ, नवा डेपो उघडायचं ठरवलं. तिथं एक इन-चार्ज नेमायचा होता. राहायला खोली, पगार वाढीव, आणि मुख्य म्हणजे वर कोणी नाही. दादाला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की आयुष्यात कोणाकडे काही न मागितलेल्या त्या माणसानं एके दिवशी मालकांच्या टेबलावर आपली पाटी नेऊन ठेवली. पाटीवर लिहिलं होतं, ‘डेपो मला द्या.’

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाटी वाचली, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असं म्हणाले, “काम तुझं एक नंबर आहे गा. पण तिथं फोन कोण उचलल?”

दादानं घरी येऊन मला हे सांगितलं आणि जेवायला बसला. जेवला मात्र नाही. भाताच्या ढिगात बोट फिरवत राहिला. मला दुःख झालं की मी रडत नाही, मला राग येतो. त्या रात्री मला फोनचा राग आला. भिंतीवर बसवलेलं एक काळं डबडं, आणि ते माझ्या भावाची लायकी ठरवणार?

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांच्या दुकानाचा मालाचा प्रोग्राम मीच लिहून दिला होता, त्यामुळे मला तिथं मान होता. डेपोसाठी त्यांनी दुसरा संगणकही घेऊन ठेवला होता. तो खोक्यातून निघून प्लॅस्टिकच्या झाकणाखाली गेला होता.

“फोन संगणक उचलेल,” मी म्हणाले.

“अन् बोलल काय?”

“दादा टाइप करेल ते. त्याचं लिहिणं इथं पडद्यावर दिसेल, तुमचं तिथं. ऐकायची गरजच नाही.”

मालक हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. “पोळ्यापर्यंत जागा रिकामी ठेवतो,” ते म्हणाले. “करून दाखव.”

दोन मोडेम त्यांनी मागवून दिले. टेलिफोन खात्याकडे अर्ज करून परवानगीही आणली. मोडेम म्हणजे काय, असं आईनं विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं होतं, अक्षरांची शिट्टी करणारी डबी. इकडची डबी अक्षरांची शिट्टी करते, शिट्टी तारेतून जाते, आणि तिकडची डबी शिट्टीची पुन्हा अक्षरं करते. आई म्हणाली, “एवढंच ना?” मला वाटतं तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

मोडेमबरोबर एका फ्लॉपीवर तयार प्रोग्रामही आला होता. तो परदेशातल्या खणखणीत लाइनींवर चालत असेल. आमच्या लाइनवर एकदम तिघांची बोलणी चालायची. कुठल्या तरी बाई कोणाला तरी लोणच्याचं प्रमाण सांगत असायच्या, आणि त्यांच्या मागून खरखर. ती खरखर तारेतून आली की पडद्यावर शब्दाच्या मधोमध चांदण्या, टक्के आणि कंस उगवायचे. ‘पट्टे पाठवा’ असं लिहिलं तर पलीकडच्याला काय पाठवायचं ते देवच जाणे. मी ती फ्लॉपी बाजूला ठेवली आणि स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. नाव ठेवलं ‘निरोप’.

निरोपची युक्ती साधी होती. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. माझा प्रोग्राम प्रत्येक ओळीबरोबर तिच्यातल्या आकड्यांची बेरीज पाठवायचा. पलीकडचा संगणक स्वतः बेरीज करून बघायचा. जुळली तर ‘मिळालं’ असा जबाब द्यायचा, नाही जुळली तर ‘पुन्हा सांग’. मिळालं म्हटल्याशिवाय पुढची ओळ सुटायची नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, नागपूरच्या फोननं शिकवलं. आपण सगळे तेव्हा असंच तर बोलायचो. एक वाक्य बोलायचं, मग ‘आलं का ऐकू?’ असं विचारायचं, आणि हो म्हटलं की पुढचं. वेग मी सगळ्यात कमी ठेवला. अक्षरं एकेक करून यायची, पण यायची ती धड यायची. पडद्याचे दोन भाग केले, वर पलीकडच्याचं बोलणं आणि खाली आपलं. फोनच्या घंटीच्या तारा एका लाल दिव्याला जोडून घेतल्या. घंटी वाजली की दिवा लुकलुकायचा. मराठी लिहायची ती इंग्रजी अक्षरांत. दादाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पहिली चाचणी शहरातल्या शहरात घेतली. दादा इतवारीच्या दुकानात आणि मी धरमपेठेत. मी नंबर फिरवला, पलीकडे दिवा लागला असणार, मग शिट्टी आली, शिट्टीवर शिट्टी चढली, आणि पडद्याच्या वरच्या भागात एक शब्द उमटला.

‘कोण?’

‘तुझी बहीण,’ मी लिहिलं.

‘पुरावा?’

‘लहानपणी तू माझ्या सगळ्या पेन्सिली खाल्ल्यास.’

एकेक अक्षर करत आलं, ‘बहीणच आहे.’ आणि त्याखाली, मी काही लिहायच्या आत, ‘मी फोनवर बोलून राहिलो.’

दुःखात मी रडत नाही असं वर म्हटलं आहे. आनंदाचं तसं नाही. मी तिथं सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. वर्गातल्या पोरांना वाटलं प्रोग्राम बिघडला, आणि त्यांनी घाईघाईनं मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर मी हवेतच होते. दादा संगणक आणि मोडेम घेऊन जीपमधून खापरखेड्याला गेला. मालकांनी एका सकाळी चाचणी पाहायची ठरवली. मी इतवारीत त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. माझी सगळी तयारी होती. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. नागपुरातल्या नागपुरात नंबर फिरवला की फोन थेट लागे. खापरखेड्याला मात्र ट्रंक कॉल नोंदवावा लागे. नागपूरच्या बोर्डावरची ऑपरेटर खापरखेड्याच्या बोर्डावरच्या ऑपरेटरला सांगणार, ती दादाचा नंबर जोडणार, आणि दोन्हीकडची माणसं बोलायला लागली याची खात्री झाल्यावरच दोघी बाजूला होणार.

कॉल लागला. “खापरखेडा आहे, बोला,” असा नागपूरच्या बाईंचा आवाज आला. मी काही न बोलता शिट्टीची वाट पाहत राहिले. शिट्टी सुरू झाली, आणि कट्‌ करून लाइन मेली.

पुन्हा नोंदवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नागपूरच्या बाईंनी मला कारण सांगितलं. “मॅडम, तिकडची ऑपरेटर म्हणून राहिली की तिच्या पार्टीनं फोन उचलला, पण बोलतच नाही. लाइनवर नुसती शिट्टी वाजून राहिली. लाइन खराब आहे म्हणून ती कापून राहिली. तुमचं बिल फुकटचं लागू नये म्हणून.”

मी त्यांना समजावलं, की शिट्टी हेच आमचं बोलणं आहे. त्यांना ते समजलंही. पण लाइन कापत होती ती पलीकडची, आणि ती आपल्या बाजूच्या माणसाचं ऐकल्याशिवाय कॉल लागला असं धरणार नव्हती. “तुमच्या माणसाले दोन शब्द बोलायला सांगा ना,” नागपूरच्या बाई म्हणाल्या.

“तो बोलत नाही.”

“मग फोन कायले लावून राहिल्या?” त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं.

त्या पलीकडच्या ऑपरेटरवर मला चिडताही येईना, याचाच संताप येत होता. ती काही आडमुठेपणा करत नव्हती. दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून ती मन लावून, कर्तव्य म्हणून, माझ्या भावाची नोकरी घालवत होती.

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. “पोळा पुढच्या आठवड्यात आहे,” ते म्हणाले. “त्याच्या आधी अजून एक डाव लाव. नाही झालं तर मनाले लावून घेऊ नको. मेहनत तू केलीच.” असं प्रेमानं बोललेलं मला अजिबात सहन होत नाही.

मी त्याच दुपारी एसटीत बसले. खापरखेडा जवळ आलं की आधी वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि मग सगळ्यावर पसरलेली राख. डेपोच्या पत्र्यावर, कुंपणावर, दादानं अंगणात उन्हात घातलेल्या सतरंजीवरही राख होती. आत मात्र फडताळं लावून झाली होती, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी चिकटवलेली, आणि मधोमध टेबलावर संगणक. त्या टेबलासमोर दादा बसला होता. इथून आपल्याला जावं लागणार असं वाटणारा माणूस इतकं आवरून ठेवत नाही, आणि ते पाहून मला अधिकच वाईट वाटलं.

मी त्याला सगळं सांगितलं. ऑपरेटरला आवाज हवा आहे, म्हणून फोन आला की आधी रिसिव्हर उचलून तिच्याशी बोलायचं, आणि मग मोडेमची कळ दाबायची.

“नाही,” तो म्हणाला.

“दोन वाक्यं फक्त.”

“मले बोला लागू नये म्हणूनच तू हे बनवलं ना? मग?”

खरंच होतं ते. ऐकायचं नको आणि बोलायचं नको, असा फोन मी त्याला करून दिला होता, आणि फोन म्हणत होता की निदान बोल. डेपोत दुसरा माणूस नव्हता. हमाल यायचे ते गाडी आल्यावरच. आणि बोलायला दुसरा कोणी ठेवायचा असता, तर मालकांनी त्यालाच इन-चार्ज केलं असतं.

“लोक हसतील,” दादा म्हणाला.

“तिथं लोक नाहीत. एक बाई आहे, आणि तिला शंभर कॉल जोडायचे आहेत. तिला हसायला फुरसत नाही.”

“तुले काय माहीत?”

“नको बोलू मग,” मी भडकले. “बस इथं. पोळ्यानंतर दुसरा येईल आणि तुझ्या चिठ्ठ्या फाडून आपल्या लावेल.”

तो उठून फडताळाकडे गेला. नीट लावलेली बेअरिंगची खोकी त्यानं पुन्हा नीट लावली. माझ्याकडे पाठ होती, म्हणजे मी काही बोलले तरी त्याला कळणार नव्हतं. त्याचं भांडण संपवायची ही जुनी पद्धत होती. खोकी संपली तेव्हा तो वळला.

“माझा आवाज कसा आहे?” त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या आठवणीत स्वतःचा जो आवाज होता तो एका लहान मुलाचा होता. आपण मोठे झाल्यावर कसे बोलतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“मोठा आहे,” मी सांगितलं. “जरा फाटका. खालच्या पट्टीतला. बाबांचा आवाज आठवतो?”

त्यानं हो म्हणून मान हलवली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दादाचे कान शाबूत असताना बाबा त्याला रोज हाका मारायचे.

“अगदी तसा,” मी म्हणाले.

तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला, मी हे खूश करायला म्हणते आहे की काय हे तपासल्यासारखा. मी खूश करायला काही बोलत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसेल. मग तो खुर्चीवर बसला, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, “सांग काय बोलायचं ते.”

आम्ही संध्याकाळच्या बसपर्यंत सराव केला. तो हातात रिसिव्हर धरून बोलायचा आणि मी दारात उभी राहून आवाज फार चढला की हात खाली दाबायची, फार पडला की वर उचलायची. छातीत किती हादरा बसला की आवाज बरोबर असतो, याचा अंदाज त्याला हळूहळू येत गेला. कुंपणापलीकडून जाणारे दोन मजूर थांबले आणि बघायला लागले. दादानं त्यांना पाहिलं. वाक्य अर्धवट सोडलं नाही.

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी मी पुन्हा इतवारीत मालकांशेजारी बसले. आज त्यांनी दुसरा फोन आपल्यापुढे ओढून घेतला होता. त्या दुकानात एका लाइनवर दोन फोन होते. कॉल नोंदवला. वाट पाहिली. मालकांनी चहा मागवला, तो आला, आणि निवला. मग घंटी वाजली, आणि आम्ही दोघांनी आपापला रिसिव्हर उचलला.

“खापरखेडा आहे, बोला.”

तारेत खरखर. पलीकडे रिसिव्हर उचलल्याचा आवाज. त्यानंतरची शांतता इतकी लांबली, की मी मनातल्या मनात हात वर उचलला. पलीकडची ऑपरेटर म्हणाली, “हॅलो? हॅलो, बोला.” आणि मग दादाचा आवाज आला. मोठा, जरा फाटका, आणि मला वाटलं होतं त्याहून ठाम.

“हॅलो. खापरखेडा डेपो. इन-चार्ज बोलून राहिलो. बाई, मले ऐकू येत नाही. आता शिट्टी वाजंल, ते आमचं बोलणंच होय. शिट्टी वाजली तर लाइन तोडू नका.”

इन-चार्ज हा शब्द आमच्या सरावात नव्हता. तो त्यानं त्याच्या पदरचा घातला होता.

पलीकडची ऑपरेटर म्हणाली, “नाही तोडत, दादा. बोला तुम्ही.” आपलं बोलणं त्याला ऐकू जाणार नाही हे त्यानं आत्ताच सांगितलं होतं, तरी तिनं उत्तर दिलं. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग त्या एका वाक्यात धुऊन निघाला.

शिट्टी आली. तिच्यावर दुसरी चढली. कोणी कापली नाही. मी कळ दाबली, रिसिव्हर ठेवला, आणि पडद्यावर ‘जोडलं’ असं उमटलं.

मालक मात्र अजून रिसिव्हर हातात धरूनच बसले होते. “हा बोलते?” ते म्हणाले. “इतकी वर्षं माझ्या दुकानात आहे, अन् हा बोलते?”

“रिसिव्हर खाली ठेवा,” मी म्हणाले, “नाहीतर तुमचं बोलणं पडद्यावर चांदण्या होऊन येईल.”

त्यांनी ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून, एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं, ‘तुले इन-चार्ज कोणी केलं?’

ओळ गेली. ‘मिळालं’ आलं. आणि वरच्या भागात सावकाश उमटलं, ‘फोन कोणी उचलला?’

मालक इतक्या मोठ्यानं हसले की गल्ल्यावरचा माणूस उठून आत आला. पण व्यापारी तो व्यापारी. हसू आवरून त्यांनी लगेच परीक्षा सुरू केली. अमक्या मापाचे पट्टे किती, तमका व्हॉल्व्ह कुठल्या फडताळात, खाणीची गाडी उद्या सकाळी आली तर माल निघेल का. दादाची उत्तरं येत गेली, तुटक आणि नेमकी. मधेच पडद्यावर चांदण्या आणि कंसांचा सडा पडला. मालक दचकले. मी मात्र मजेत हाताची घडी घालून बसले, कारण हे काय आहे ते मला माहीत होतं. तीन मिनिटं झाली होती, आणि वेळ वाढवायची का असं विचारायला ऑपरेटर लाइनवर आल्या होत्या. त्यांच्या आवाजाचा तो कचरा होता. निरोपनं बेरीज तपासली, जुळली नाही, आणि पलीकडे सांगितलं, ‘पुन्हा सांग’. तीच ओळ पुन्हा आली, स्वच्छ. ‘व्हॉल्व्ह तिसऱ्या फडताळात, गाडी पाठवा.’

मालकांनी कळांवरून हात काढले आणि माझ्याकडे पाहिलं. “सांग त्याले,” ते म्हणाले, “पोळ्याले घरी ये. अन् येताना डेपोले कुलूप लावून ये. किल्ली तुझ्याचजवळ ठेव.”

मी ते जसंच्या तसं लिहिलं. ‘मिळालं’ असा शब्द आला. तो तर प्रोग्रामचा जबाब होता, मीच लिहिलेला, ठरलेला. त्यानंतर वरच्या भागात दादाचा स्वतःचा शब्द आला. ‘मिळालं.’

पुढं काही वर्षं निरोप चालला. दोन्ही बोर्डांवरच्या सगळ्या ऑपरेटर आमचा कॉल ओळखायच्या; मी नोंदवायला फोन केला की नंबर सांगायच्या आधीच त्या विचारायच्या, “शिट्टीवाला ना?” एका खाणीच्या पुरवठादारानं माझ्याकडून प्रोग्राम मागून नेला, मग आणखी एकानं. माझ्या संस्थेनं माझं टेबल एसीच्या अगदी समोर हलवलं. नंतर थेट फोन लागायला लागले, फॅक्स आला, आणि निरोपची गरज संपली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला जे करायचं होतं ते त्यानं केलं होतं.

पण पोळ्यानंतरचीच एक दुपार सांगायची आहे. दादा खापरखेड्याला राहायला गेला होता, आणि आमच्या घरी फोन नव्हता. आईनं मला म्हटलं, “मले त्या शिट्टीत काय ते दाखव तरी.” मी तिला इतवारीत घेऊन गेले. मालकांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. कॉल लागला, आणि मी नेहमीप्रमाणे दादाची वाक्यं ऐकायला रिसिव्हर कानाला लावला. ऑपरेटरला सांगायचं ते त्यानं सांगितलं, आणि मग मोडेमची कळ दाबायच्या ऐवजी म्हणाला, “आई आली असंल तर तिले दे फोन.”

ती येणार हे मी त्याला आदल्या दिवशी लिहिलं होतं. मी रिसिव्हर आईच्या हातात दिला. तिनं तो उलटा धरला, मी सरळ केला. पलीकडून दादा बोलायला लागला. काय बोलत होता ते मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं, कारण आवाजाचा अंदाज त्या दिवशी पार सुटला होता. खोलीची भिंत रंगवली, शेजारची बाई दूध देते, पोळ्याच्या पुरणपोळ्या दोन दिवस पुरल्या, हमालांशी आपण तोंडानं बोलतो. पाटी कुठं ठेवली ते आठवत नाही. तो बोलतच राहिला. मधे थांबून समोरच्याचं ऐकायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्याला त्याचा उपयोगही नव्हता.

आई ऐकत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. मी तिला हळूच म्हटलं, “तुला काही सांगायचं तर सांग, मी लिहून पाठवते.”

“एवढ्या जोरानं काहून बोलून राहिला म्हणा,” ती म्हणाली. “माह्या कानाले दडे बसले.”

मी रिसिव्हर घ्यायला हात पुढे केला, म्हणजे शिट्टी लावून ते लिहिता आलं असतं. तिनं माझा हात बाजूला सारला आणि रिसिव्हर आणखी घट्ट कानाला लावला.